खेळांच्या महागड्या पॅकेजसाठी कोणी खरंच डिश बदलतं का?

रिमोटधारी (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

आमच्या डिशचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. सहा वर्षं एकाच कंपनीचा ग्राहक आहे, फारशी तक्रार नाही. पण दुसऱ्या कंपनीचा माणूस हात धुऊन मागे लागलाय. 'आमच्याकडे या, खेळांचं सगळ्यात वरचं पॅकेज पहिला हंगाम फुकट.' आई म्हणते, आहे ते चालू दे. बायको म्हणते, शेवटचा सामना टॉसपासून निकालापर्यंत कधी पाहिलास ते आठव आणि मग बोल.

पण माझा प्रश्न माझ्यापुरता नाही. सामन्यांच्या हक्कांसाठी या कंपन्या अब्जावधी मोजतात, ते याच आशेवर ना, की माझ्यासारखा माणूस एका छत्रीखालून उठून दुसऱ्या छत्रीखाली जाईल? तसं जाणारं मला तरी कोणी दिसलेलं नाही. ओळखीत एकानेही निव्वळ खेळापायी कंपनी बदललेली नाही. माझं मत: हा सगळा फुगा आहे. चुकत असेन तर सांगा. तुमच्यापैकी कोणी बदलली आहे का?

गण्या_गप्पिष्ट

पहिला! आता धागा वाचतो.

अनुराधा_क

मी बदलली आहे. तुमच्या ओळखीत आता एक जण धरा.

मला टेनिसचं वेड. चार मोठ्या स्पर्धांपैकी तीन आमच्या कंपनीकडे दिसायच्या. चौथी दुसऱ्या कंपनीच्या खास वाहिनीवर, जी आमच्याकडे येतच नव्हती. दोन वर्षं ती चौथी स्पर्धा मी बातम्यांत पाहिली. मग एकदा चिडून बदललीच. नवा बॉक्स, नवा करार, घरातल्या सगळ्यांना वाहिन्यांचे नवे क्रमांक पाठ करायला लावले. पुढच्याच वर्षी त्या स्पर्धेचे हक्क उठून भलतीकडे गेले. आणि माझा करार दोन वर्षांचा! मुदतीआधी सोडायचं तर दंड. ज्या पाहुण्यासाठी घर बदललं तो पाहुणाच गाव सोडून गेला, मी आपली भाडं भरत बसले.

गण्या_गप्पिष्ट

वाचला. अनुराधाताई, पाहुणा जबरी!

मी स्वतः अजून केबलवर आहे, त्यामुळे मला बोलायचा अधिकार नाही. तरी बोलणार.

आकडेमोडे

रिमोटधारी, फुगा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मग पुढचं कसं समजावणार बघा.

अमेरिकेत डायरेक्टीव्ही ही उपग्रह कंपनी १९९४ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी एनएफएलचं, म्हणजे तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगचं, 'संडे टिकट' पॅकेज आलं. रविवारी दुपारचे जे सामने तुमच्या भागातल्या वाहिन्यांवर दाखवत नाहीत, ते सगळे यात. म्हणजे जन्म एका शहरात, नोकरी दुसऱ्या शहरात आणि जीव अजून पहिल्याच शहराच्या संघात अडकलेला, अशा माणसासाठी दुसरा इलाजच नाही. २०२२ च्या हंगामापर्यंत हे पॅकेज त्यांच्याकडे होतं.

मे २०१४ मध्ये एटी अँड टीने डायरेक्टीव्ही विकत घ्यायचं ठरवलं, सुमारे ४८.५ अब्ज डॉलरला. त्या सौद्यात एक अट होती. एनएफएलशी नवा करार झाला नाही, तर एटी अँड टीला मागे फिरायची मुभा. एवढा मोठा सौदा एका खेळाच्या पॅकेजवर टांगलेला! ऑक्टोबरात नवा करार झाला, वर्षाला साधारण दीड अब्ज डॉलरचा.

पॅकेज घेणाऱ्यांचे वर्तमानपत्रांतले अंदाज वीस लाखांच्या आसपासचे असत. भागाकार करा. डोई ७५० डॉलर. ग्राहकाकडून हंगामाचे मिळायचे ते याच्या निम्म्याच्या आगेमागे. दर डोक्यामागे उघड तोटा, तरी कंपनीने ते सोडलं नाही. फुग्यासाठी कोणी इतकी हवा विकत घेत नाही.

पंचाईत_समिती

आकडेमोडे, आकडे मान्य, निष्कर्ष अमान्य.

त्याच डायरेक्टीव्हीने २००७ मध्ये बेसबॉलचं 'एक्स्ट्रा इनिंग्ज' पॅकेज फक्त स्वतःकडे घ्यायचा घाट घातला होता. तोवर ते केबलवरही दिसायचं. तुमच्या हिशोबाने केबलवाल्या चाहत्यांनी निमूटपणे छपरावर छत्री चढवायला हवी होती. त्यांनी काय केलं? गदारोळ! सेनेटर जॉन केरी यांनी प्रकरण उचललं, मार्चमध्ये सेनेटच्या समितीसमोर सुनावणी झाली आणि एप्रिलात पॅकेज केबललाही मिळालं. चाहत्याला कंपनी बदलण्यापेक्षा सेनेटर गाठणं सोपं वाटलं!

माणूस आळशी असतो हो. खेळवेडा माणूस तर जास्तच, तो मुळात बसून बघणारा प्राणी आहे. (हलके घ्या.)

गण्या_गप्पिष्ट

शेवटच्या ओळीला जोरदार अनुमोदन. हे मी आडवा होऊन टंकतोय.

छत्रीवाला

मी बरीच वर्षं डिश बसवण्याचं काम केलंय, दोन-तीन कंपन्यांसाठी. जरा छपरावरून काय दिसतं ते सांगतो.

मोठ्या स्पर्धेच्या आधीचे तीन आठवडे जेवायला फुरसत नसायची हे खरं. पण त्यातले निम्मे नवे ग्राहक नसायचेच. डिश होतीच, पण वाऱ्याने हललेली, वायर उंदराने कुरतडलेली, एलएनबीत, म्हणजे तबकडीसमोरच्या लहरी पकडणाऱ्या डबीत, पाणी गेलेलं. वर्षभर कोणाला फिकीर नाही, सामने तोंडावर आले की 'आजच या'.

जे खरंच कंपनी बदलायचे त्यांच्या घरी गेल्यावर मी गप्पांत विचारायचो, का हो बदलताय? पहिलं उत्तर बहुतेक वेळा 'खेळ'. बॉक्स बसवून होईपर्यंत दुसरं उत्तर यायचं. जुना बॉक्स सारखा बंद पडायचा, तक्रारीला पंधरा दिवस कोणी फिरकलं नाही, असलं काहीतरी.

आणि बदलणं म्हणजे बटण दाबणं नाही. दोन कंपन्यांचे उपग्रह आकाशात वेगवेगळ्या जागी. तबकडी पुन्हा फिरवून कोन धरावा लागतो, कधी अख्खी नवी बसवावी लागते, समोर झाड आलं तर जागा बदला. घरातला अर्धा दिवस जातो. तेवढ्यात निम्म्यांचा उत्साह मावळलेला मी स्वतः पाहिलाय.

टिकवणदार

उशिरा आलो, पण हा धागा माझ्याच खात्यातला निघाला. एका उपग्रह कंपनीच्या 'ग्राहक टिकवणे' विभागात मी सात वर्षं फोन घेतले. कंपनीचं नाव विचारू नका.

आकडेमोडे आणि पंचाईत_समिती, तुम्ही दोघंही येणाऱ्या ग्राहकावरून भांडताय. कंपनीच्या लेखी खेळाचं पॅकेज हे ओढायचा गळ कमी आणि बांधायचं दावं जास्त असतं.

डायरेक्टीव्हीचंच घ्या. २०१० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत त्यांचे महिन्याला साधारण दीड टक्का ग्राहक सोडून जायचे. ऐकायला किरकोळ. बारा महिने चालू द्या, शंभरातले सोळा-सतरा गेले. दोन कोटी घरं असतील, तर दरवर्षी बत्तीस-चौतीस लाख नवी घरं शोधायची, तीही फक्त आहे तिथेच उभं राहायला. प्रत्येक नव्या घरामागे जाहिरात, बॉक्स, बसवणी, दलाली मिळून आठशे डॉलरच्या वर खर्च. आता आकडेमोडे यांच्या भागाकाराकडे परत जा. तो डोई तोटा तितका वेडेपणाचा वाटत नाही. वीस लाख लोक असे, जे हंगाम चालू असताना हलणार नाहीत, आणि खेळाशिवायचं बाकीचं भलंमोठं बिलही वर्षभर भरतील.

फोनवर काय चालायचं तेही सांगतो. तुमचं नाव विचारायच्या आधी तुमची पॅकेजेस माझ्या पडद्यावर असायची. खेळाचं वरचं पॅकेज घेतलेला माणूस 'बंद करा' म्हणाला, की मी आधी तारीख बघायचो. हंगाम निम्म्यावर असेल तर हा कुठे जात नाही, नुसता दम देतोय. हंगाम संपून आठवडा झाला असेल तर मात्र सांभाळून. त्याला रिकाम्या हाताने फोन ठेवू द्यायचा नाही असा आमचा शिरस्ता.

आणि छत्रीवाले म्हणतात ते शब्दशः खरं आहे. 'सामने दिसत नाहीत म्हणून चाललो' म्हणणाऱ्याशी पाच मिनिटं बोललं की निघायचं, बिल वाढलंय. 'परवडत नाही' म्हणायला माणूस लाजतो, 'सामने दिसत नाहीत' म्हणायला लाजत नाही.

अनुराधा_क

टिकवणदार, मला खरंच सामने दिसत नव्हते हो!

टिकवणदार

ताई, तुमच्यासारखे होते की. आठवड्यातून एखाद-दुसरा. त्यांच्याशी वाद घालायचा नाही, निमूट निरोप द्यायचा, अशी आम्हाला शिकवण होती.

चौकस_मांजर

प्रतिसाद आवडला, वाचनखूण साठवली.

जाता जाता, पॅकेज कितीही वरचं असो, अंतिम सामन्याच्या वेळी पाऊस येणारच. याला काही शास्त्रीय कारण आहे की माझंच नशीब?

छत्रीवाला

पाऊस तुमच्या नशिबाचा, चित्र जाणं शास्त्राचं. बहुतेक घरगुती डिश बारा गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतात. या लहरीची लांबी अडीच सेंटीमीटर. जोरदार सरीतले थेंब ती शोषतात आणि विखुरतात. तबकडी लहान असेल किंवा कोन जरा हललेला असेल तर चित्र आधी जातं. कोन नीट धरला असेल तर साध्या सरीत टिकतं, मुसळधार पावसात मात्र तेव्हाही जाऊ शकतं.

गण्या_गप्पिष्ट

माझं दुःख ऐका. केबल सोडून मध्यंतरी दोन महिने इंटरनेटवर सामने बघितले. चित्र झकास. पण वरच्या मजल्यावर डिश! माझ्या पडद्यावर गोलंदाज धावायला लागतो आणि वर 'आउट!' म्हणून आरोळी उठते. अर्ध्या मिनिटाने माझ्याकडचा फलंदाज इमानदारीत आउट होतो. त्यांच्याकडच्या एकालाही तोंड दाबून बघता येत नाही. शेवटी केबलवर परत.

आकडेमोडे

गण्या, उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर वर असला तरी जाऊन यायला पाव सेकंदच लागतो. इंटरनेटवर मात्र चित्राचे तुकडे करून, साठवून, मग पाठवतात, त्यात ते अर्धं मिनिट जातं. म्हणजे कंपनी बदलण्याचं एक पक्कं कारण धाग्यावर आलं: वरच्या मजल्याचा आवाज!

जुनं_खोड

सगळे अमेरिकेतच मुक्काम ठोकून बसलात. खेळावर उपग्रह कंपनी उभी राहण्याचं मूळ उदाहरण ब्रिटनचं आहे.

स्काय १९८९ मध्ये सुरू झाली. पुढच्या वर्षी प्रतिस्पर्धी बीएसबीला पोटात घेतलं, तरी पैसा पाण्यासारखा चाललाच होता. १९९२ मध्ये फुटबॉलच्या नव्या प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे हक्क घेतले. हायलाइट्ससाठी बीबीसीचा वाटा धरून तो सौदा ३०४ दशलक्ष पौंडांचा. त्याच वर्षी सप्टेंबरपासून खेळाची वाहिनी पैसे भरणाऱ्यांनाच दिसू लागली. चार वर्षांनी स्कायमागचे उद्योगपती रूपर्ट मर्डॉक यांनी भागधारकांसमोर खेळाला दार फोडायच्या ओंडक्याची उपमा दिली, ती तेव्हापासून सगळे वापरतात.

पण नीट बघा, त्या ओंडक्याने कोणाचं दार फोडलं? ज्यांच्याकडे साधा अँटेना होता त्यांचं. ते लोक उघड्यावरून छत्रीखाली आले. एका छत्रीतून दुसरीत जाणं ही वेगळी गोष्ट, आणि तिथे ओंडका फारसा चाललेला नाही. आयटीव्ही डिजिटलने खालच्या विभागांच्या फुटबॉलसाठी तीन वर्षांचे ३१५ दशलक्ष पौंड कबूल केले आणि २००२ मध्ये कंपनीच बुडाली. क्लबांचेही हाल झाले. २००७ पासून युरोपियन आयोगाच्या दबावामुळे सगळे सामने एकालाच विकता येईनात. सहा गठ्ठे झाले, त्यातले दोन सेटांटाने घेतले. लोकांनी स्काय सोडली का? छे. ज्यांना परवडलं त्यांनी दोन्ही बिलं भरली. २००९ च्या जूनमध्ये ब्रिटनमधली सेटांटा बंद.

जर्मनीत तर अख्खी बुंडेसलीगा, म्हणजे तिथली वरची फुटबॉल लीग, प्रीमियेरे कंपनीच्या हातून अरेना नावाच्या नव्या वाहिनीने डिसेंबर २००५ मध्ये हिसकावली. शेअर बाजारात प्रीमियेरे आपटली. एक हंगाम गेला आणि २००७ मध्ये अरेनाने सामने पुन्हा प्रीमियेरेच्याच पदरात टाकले. सगळं हाताशी असूनही पुरेशी घरं मिळाली नाहीत.

पंचाईत_समिती

जुनं_खोड यांना दंडवत. 'उघड्यावरून छत्रीखाली' हेच मला म्हणायचं होतं, जमलं नव्हतं.

आकडेमोडे

हे पटलं. भर एवढीच, की २०१३ मध्ये बीटी या ब्रिटिश टेलिफोन कंपनीने खेळाची वाहिनी स्वतःच्या ब्रॉडबँड ग्राहकांना फुकट दिली. फुटबॉल दाखवून इंटरनेटचे ग्राहक धरून ठेवायचे. म्हणजे टिकवणदार यांचं दावंच, गोठा फक्त वेगळा.

चौकस_मांजर

भारतात हे आणखीच निराळं आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २००४ पासूनच्या नियमांनुसार वाहिनी मागेल त्या डीटीएच किंवा केबल कंपनीला, भेदभाव न करता द्यावी लागते. त्यामुळे एखादी खेळाची वाहिनी एकाच छत्रीखाली कोंडता येत नाही. वर २००७ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं. तिथे डीटीएच कंपन्यांची चढाओढ खेळावर होणार कशी? दर, बॉक्स आणि सेवा यावरच होणार. सामने ओढून नेतात ते मोबाइलच्या ॲपकडे. २०२३ च्या हंगामापासून आयपीएलचे टीव्हीचे आणि डिजिटलचे हक्क दोन वेगळ्या कंपन्यांकडे गेले आणि डिजिटलवाल्यांनी सामने चक्क फुकट दाखवले. छत्रीवाले बघत बसले.

बिनखेळी

इतके प्रतिसाद झाले, पण आमच्यासारख्यांचं कोणी बोललं नाही. मी एकही सामना बघत नाही. एकही. तरी खेळाच्या दोन-तीन वाहिन्या मूळ संचात घुसवलेल्याच असतात आणि दरवर्षी 'हक्कांचा खर्च वाढल्यामुळे' म्हणून बिल वाढतं. तुम्हाला बांधणाऱ्या दाव्याचे पैसे माझ्या खिशातून. मी दोन वर्षांपूर्वी डिशच काढून टाकली. दुसरी घेतली नाही. 'कंपनी बदलली' यात माझी गणना कुठे करणार?

गण्या_गप्पिष्ट

बिनखेळी, तुमच्या मालिकांचे पैसे आम्ही भरतच होतो की. फिट्टंफाट.

बिनखेळी

मालिकेतल्या सासूला खेळाडूइतकं मानधन मिळत असेल तर दाखवा, लगेच माघार घेते.

टिकवणदार

हसण्यावारी नेऊ नका, बिनखेळी यांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. माझ्या शेवटच्या दोन वर्षांत सगळ्यात अवघड फोन यांचे असायचे. खेळवेड्याला द्यायला माझ्याकडे काहीतरी असायचं. या बाईंना काय देणार? बिल कमी करायचं तर खेळाच्या वाहिन्या काढायला हव्यात, आणि त्या मूळ संचातून काढायच्या नाहीत असं वाहिनीवाल्यांनी करारातच लिहून घेतलेलं. मग त्या बाई जायच्या, आणि दुसऱ्या छत्रीकडेही जायच्या नाहीत.

डायरेक्टीव्हीचंही तेच झालं. २०१५ नंतर त्यांचे लाखो ग्राहक गळाले ते 'संडे टिकट' हातात असताना. २०२३ पासून पॅकेज यूट्यूबकडे गेलं, वर्षाला दोन अब्ज डॉलरच्या आसपास मोजून. दावं गेलं, पण गोठा त्याआधीच रिकामा व्हायला लागला होता.

आकडेमोडे

शरणागती. माझ्या पहिल्या प्रतिसादात एवढा बदल करतो: फुगा नाही, पण हवा भरणारे आणि फुगा धरणारे वेगळे.

पंचाईत_समिती

अरे, धागाकर्ते कुठे गेले? काडी टाकून पसार?

रिमोटधारी

आहे, आहे. सगळे प्रतिसाद वाचत होतो, आणि एक उद्योगही केला.

बायकोचं आव्हान मनाला लागलं होतं म्हणून गेल्या हंगामाचं वेळापत्रक काढून खुणा करत बसलो. अर्ध्याहून जास्त पाहिलेले सामने: अकरा. त्यातले चार फुकटच्या वाहिनीवरही होते. दोनांत मला झोप लागली होती, ते बायकोच्या साक्षीने वजा. उरले पाच. पाच सामन्यांसाठी मी छपरावर माणूस चढवणार होतो!

मग काल कंपनीला फोन केला. म्हटलं, टिकवणदार यांची परीक्षा घेऊ. पलीकडच्या मुलीला ठसक्यात सांगितलं, 'तुमच्याकडे सामने दिसत नाहीत, मी चाललो.' ती दोन क्षण गप्प. बहुधा पडदा बघत असावी. मग गोड आवाजात म्हणाली, 'काका, बिल थोडं कमी करून दिलं तर चालेल का?'

मी 'चालेल' म्हणून मोकळा झालो. खेळाचं नाव पुन्हा तिनेही काढलं नाही, मीही नाही.

टिकवणदार

पोरगी चांगली तयार केलीय कोणीतरी.

छत्रीवाला

काका, ठरलंच आहे तर पावसाआधी तेवढा कोन तपासून घ्या.

गण्या_गप्पिष्ट

म्हणजे अख्ख्या धाग्यात खेळासाठी खरोखर कंपनी बदललेल्या अनुराधाताई एकट्याच.

अनुराधा_क

सांगायला संकोच वाटतोय, पण ती चौथी स्पर्धा पुढच्या वर्षीपासून माझ्या जुन्या कंपनीकडे येतेय म्हणे. छत्रीवाले, तुम्ही अजून काम घेता का?

छत्रीवाला

ताई, आधी करार किती वर्षांचा ते बघा.

गण्या_गप्पिष्ट

आणि पाहुणा किती दिवस राहणार तेही विचारा!